गुणवंती आणि कातळावरचा पाद्री

गुणवंती माझ्या दारात पहिल्यांदा मासळीची पाटी घेऊन आली ती बावन्न साली, आणि त्याच दिवशी आमचं भांडण झालं. मी सरंग्याचा भाव पाडायला गेले. तिने पाटी डोक्यावर चढवली, अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत गेली आणि वळून म्हणाली, "बाई, शाळेत पोरांचे मार्क पन असेच पाडता काय?" मी चपला घालून तिला परत बोलवायला गेले. त्यानंतर तेहतीस वर्षं आमच्या घरात दुसऱ्या कुणाची मासळी शिजली नाही.

उंच, हाडापेराने दणकट, काष्टा गुडघ्यावर. अक्षर एक येत नव्हतं, पण तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगायची. मुंबईहून आलेल्या माझ्या पुतण्याने एकदा बंदरखात्याचं छापील वेळापत्रक काढून पडताळून पाहिलं. दहा मिनिटांचा फरक निघाला. गुणवंती म्हणाली, "छापनाऱ्याची चूक असंल." मासळी शिळी असली तर आपणहून सांगायची, "आज घेव नका, मांजराला पन चालायची नाय." असं माणूस विकायला बसलं की नफा कमी होतो आणि गिऱ्हाईक वाढतं. तिचं गिऱ्हाईक कधी कमी झालं नाही.

तिची बांदेवाडी शहराच्या दक्षिणेला, खाडी ओलांडून. तीस-पस्तीस घरं, सगळी मासेमारी करणाऱ्या खारव्यांची, आणि त्यांच्या डोक्यावर उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार. त्या सड्यावर, समुद्राकडे तोंड करून, जांभ्याच्या चिऱ्यांची एक कबर आहे. वर नाव नाही. लाकडी क्रूस होता तो वाळवीने कधीच खाल्ला. ही कबर फादर आन्सेल्म या स्विस मिशनऱ्याची. वाडीत त्याला नुसतं 'पाद्री' म्हणतात, जणू जगात दुसरा पाद्री झालाच नाही.

आता यातली गंमत अशी, की वाडीने या पाद्र्याला राखणदार करून टाकलं आहे. आपल्याकडे कुणी परका मनुष्य जागेवर मेला आणि तिथेच पुरला गेला, की तो त्या जागेची राखण करतो अशी समजूत. मग त्याला वर्षाची राखण द्यावी लागते. नारळीपौर्णिमेनंतर होड्या पाण्यात जातात तेव्हा पहिला नारळ ग्रामदेवी नवलाईला, दुसरा दर्याला आणि तिसरा पाद्र्याला. त्याला चिरूट आवडायचा, म्हणून एक चिरूट पेटवून चिऱ्यावर ठेवतात. धूर सरळ वर गेला तर वर्ष चांगलं. देवळातल्या गुरवाला हे पटत नाही, चर्चला तर नाहीच नाही. पण समुद्रात गुरव जात नाही आणि चर्चही जात नाही, जातात खारवी.

कबरीची झाडलोट गुणवंती करी. दर अमावास्येला संध्याकाळी तिथे एक मेणबत्ती लावी. मी एकदा विचारलं, तूच का? म्हणाली, "कुनी तरी करायला हवा ना." मला ते उत्तर पुरेसं वाटलं. ते पुरेसं नव्हतं, हे मला पंच्याऐंशी साली कळलं.

पाद्र्याबद्दल मला जे ठाऊक आहे ते वाडीतल्या म्हाताऱ्यांकडून आणि थोडं चर्चच्या जुन्या कागदांतून. तो एकोणीसशे सहा साली आला, तेव्हा तिशीचाही नव्हता. खाडीच्या शहराकडच्या काठावर त्याचं कौलारू घर आणि एक खोलीभर दवाखाना. मराठी बोलायचा, पण त्याच्या तोंडात होडी पुरुष आणि समुद्र बाई. तापल्या कातळावर अनवाणी चालायचा, दात उपटायचा, गळवं फोडायचा. अठ्ठावीस वर्षांत त्याने बांदेवाडीतलं एकही घर बाटवलं नाही. बाटवता आलं नाही, असं म्हणणं जास्त खरं. प्रयत्न त्याने केला. तंगीच्या श्रावणात धर्मशिक्षणाच्या वर्गाला पोर पाठवणाऱ्या घराला तो तांदूळ द्यायचा. बायका पोरं पाठवायच्या, तांदूळ घ्यायच्या, आणि भाद्रपदात होड्या सुरू झाल्या की वर्ग रिकामा. बायका हुशार होत्या म्हणून हे हसण्यावारी गेलं. भुकेल्याच्या पानात तांदूळ वाढताना मध्ये देव घालू नये, मग तो कुणाचाही असो, असं माझं मत आहे आणि ते मी पुढे शहरातल्या चर्चमध्ये आलेल्या फादर इनासनाही तोंडावर सांगितलं आहे.

मग अठरा सालची मानमोडी आली. ताप चढला की तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस मान टाकायचं, म्हणून मानमोडी. वाडीतले धडधाकट पुरुष कुणी गलबतावर, कुणी मुंबईत. घरात बायका, पोरं, म्हातारे. पाद्री पेजेचं तपेलं घेऊन दारोदार फिरला. घाण काढली, तोंडात पेज घातली, खांदा द्यायला माणूस उरला नाही तिथे खांदा दिला. चितेला अग्नी मात्र त्याने दिला नाही. तो घरातलं शेंबडं पोर का असेना, त्याच्या हातून द्यायला लावला. तेवढं त्याने पाळलं.

आणि याच दिवसांत त्याने दुसरंही एक केलं. जे मूल आता जगत नाही असं त्याला वाटे, त्याच्या कपाळावरचा ताप पुसतो आहोत अशा मिषाने ओल्या फडक्याने पाणी घाली आणि ओठांतल्या ओठांत मंत्र म्हणे. झाला बाप्तिस्मा. अशी अकरा मुलं त्याच्या वहीत आहेत. त्याच्या हिशोबाने तो त्यांना स्वर्गाचं दार उघडून देत होता. मला ही चोरी वाटते. शेजारच्या खोलीत आई तापाने बरळत पडली आहे आणि तुम्ही तिच्या मुलाला न विचारता नाव देता, याला दुसरा शब्द नाही. पण त्याच माणसाने त्याच फडक्याने त्या आईचंही तोंड पुसलं होतं, हेही लिहायला पाहिजे.

अकरातली आठ मुलं गेली. तीन जगली आणि तिथेच गोची झाली. जगलेल्यांत दोन भाऊ होते, विठू आणि रामा, सात आणि पाच वर्षांचे. आईबाप दोन्ही गेलेले. पाद्र्याने त्यांना घाटावरच्या एका अनाथाश्रमात धाडून दिलं. चार महिन्यांनी त्यांचा मामा मुंबईहून आला तो थेट पाद्र्याच्या दारात. पाद्री म्हणाला, मुलं आता आमची आहेत. मामा रडला, शिव्या दिल्या, डोकं आपटलं. मुलं परत आली नाहीत. धाकटा तिसरा भाऊ खंडू तेव्हा वर्षाचा होता आणि नाटे गावात मावशीकडे होता, म्हणून राहिला. हा खंडू पंच्याऐंशी साली अडुसष्ट वर्षांचा होता आणि त्याने जन्मात पाद्र्याला नारळ दिला नव्हता. त्याची होडी बुडाली नाही, हेही जाता जाता सांगते.

पंच्याऐंशीच्या माघात गुणवंती माझ्याकडे आली ती पाटीशिवाय. मी म्हटलं, आजारी आहेस का? ती ओट्यावर बसली आणि म्हणाली, "बाई, पाद्र्याला उचलतायत."

उचलणाऱ्यांत पहिला तिचाच नातू रघू. चोवीस वर्षांचा, मिरजोळ्याच्या एका कारखान्यात फिटर. कामाला चोख, स्वभावाने गूळ, डोक्याने बंदुकीची दारू. वाडीतल्या तरुण मंडळाने ठराव केला होता, की बाटवणाऱ्याची पूजा आपल्या गावात नको, कबर खणून काढायची. आणि नेमके त्याच महिन्यात शहरातल्या चर्चमध्ये नव्याने आलेले फादर इनास जीप घेऊन वाडीत पोचले. हा वेंगुर्ल्याकडचा तरुण पाद्री, मऊ बोलणारा. त्यांच्या वरिष्ठांचा हुकूम होता, की फादर आन्सेल्म यांच्या अस्थी सन्मानाने शहराच्या दफनभूमीत आणाव्या, वर संगमरवर बसवावा. चिऱ्यावरचा अर्धा जळलेला चिरूट बघून त्यांचा चेहरा कसा झाला ते रघूने सगळ्यांना करून दाखवलं. तर रघूला पाद्री नको होता कारण तो ख्रिस्ती होता, आणि चर्चला तो हवा होता कारण तो पुरेसा ख्रिस्ती राहिला नव्हता. दोघांचं पाच मिनिटांत जमलं. शिमग्याच्या आधी काम उरकायचं ठरलं.

"तुझा नातू आहे, कान धर त्याचा," मी म्हटलं.

"कान धरायला वर हात जात नाय आता. तुमी काय तरी करा. तुमी शिकल्याल्या."

मी फादर इनासना भेटले. भला माणूस. म्हणाले, "बाई, माझी स्वतःची हरकत नाही. पण वरून विचारतात, तिथे कबर सांभाळायला आपला कोण? वाडीत निदान एक जरी कॅथलिक माणूस असता, तर मी तसं लिहून कबर जागेवर ठेवली असती. एकही नाही."

मी हे गुणवंतीला येऊन सांगितलं, म्हणजे विषय संपला अशा सुरात. ती म्हणाली, "हाय एक."

"कोण?"

"मी."

तिने सांगितलं ते असं. तिचा बाप काशीराम, गलबताचा तांडेल, मानमोडीच्या वेळी मंगळूरकडे होता. आई गेली. तीन वर्षांची ही पोर पाद्र्याने उचलून आपल्या घरी नेली. त्याआधी कपाळावर पाणी घालून झालं होतं. दोन महिन्यांनी काशीराम परत आला आणि पोर मागायला खाडीपलीकडे गेला. पाद्री म्हणाला, देता येत नाही. काशीराम पाद्र्याच्या पायरीवर बसला. अन्न नाही, पाणी नाही. पाद्री आत जेवायला बसे आणि ताट तसंच ठेवून उठे. तिसऱ्या दिवशी त्याने पोरीचा हात धरून तिला बाहेर आणलं आणि म्हणाला, "हिच्यावर पाणी पडलं आहे. माझ्या धर्माने मला ही तुला देता येत नाही. दोन मुलं मी पाठवली. आता ती परत मागायला कुणी आलं तर काय सांगू, ते मला सुचत नाही. ही घेऊन जा. पाण्याचं कुणाला सांगू नको. तुलाही त्रास आणि मलाही."

पाद्र्याकडे ती दोन महिने राहिली हे वाडीला माहीत होतं. पाण्याचं माहीत नव्हतं. गुणवंतीलाही नव्हतं. चौतीस सालच्या आषाढात पाद्री कुणाचा तरी ताप बघायला वाडीत आला आणि तिथेच मेला. खाडी फुगलेली, तरीची होडी बंद. प्रेत पलीकडे नेता येईना, ठेवताही येईना. मग काशीरामाने आणि आणखी पाच जणांनी सड्यावर खड्डा घेतला. जांभा तो, माती नव्हे. पहारींनी सकाळी सुरू केलं ते दिवे लागायच्या वेळेला कमरेइतकं झालं. काशीरामाचे हात सोलून निघाले. त्या हातांना हळद-तेल लावताना त्याने गुणवंतीला हे सांगितलं. ती तेव्हा एकोणीस वर्षांची, कडेवर पहिलं मूल.

"वाटेत कदी पाद्री भेटला तर येकच विचारायचा," ती म्हणाली. "पेज खाल्लीस? लगनात पन मांडवाच्या बाहेर हुबा ऱ्हावून त्येच विचारलान."

मी विचारलं, "मग सांगणार आहेस वाडीला?"

"सांगितला तर पालखी जाईल, बाई."

आता हे समजून घ्यायला हवं. शिमग्यात नवलाईची रूपं, म्हणजे मुखवटे, पालखीत बसतात आणि पालखी घरोघर भेटीला निघते. बांदेवाडीत पहिलं अंगण गुणवंतीच्या सासरचं. हा मान किती पिढ्यांचा ते कुणी मोजलेलं नाही. मुंबईत पडेल ते काम करणारा माणूस नोकरी सोडून शिमग्याला येतो तो या मानापायी. कोर्टात वीस वीस वर्षं भांडणं चालतात ती या मानापायी. आणि त्या अंगणात देवीची पहिली ओटी भरायची ती घरातल्या थोरल्या सवाष्णीने. सासू गेल्यापासून चाळीस वर्षं ती गुणवंती भरत होती. बाटलेल्या बाईच्या हातची ओटी निघाली, तर मान दुसऱ्या घरी जाणार. घरातलं कुणी तिला क्षमा करणार नाही, रघू तर मुळीच नाही.

"नको सांगूस," मी सरळ म्हटलं. "मेलेला माणूस शहरात गेला काय आणि सड्यावर राहिला काय."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी आत जाऊन चहा ठेवला.

बैठक रविवारी सकाळी, देवळासमोर पालखी बसवायच्या चौथऱ्यावर, सहाणेवर झाली. गुणवंतीने बोलावलं म्हणून मी गेले. मला खुर्ची दिली आणि त्यातच मला बोलायचं नाही हे कळवून टाकलं. मधोमध गावचा प्रमुख मानकरी, गावकर धोंडू, पंच्याहत्तरीचा. एका बाजूला मंडळाची पोरं, दुसऱ्या बाजूला फादर इनास मांडीवर जुनी वही घेऊन. बायका कडेला. गुणवंतीचा नवरा बाबल्या, कानाने अर्धा, खांबाला टेकून.

रघू आधी बोलला. बरा बोलला. धर्म, फसवणूक, पोरांची चोरी. म्हणाला, "ज्यानं आपली पोरं पळवली त्याला आपण नारळ देतो. जगात असं येडं गाव दुसरं नसंल." पोरांनी माना हलवल्या. मी पण हलवली असती, कारण त्यातलं अर्धं खरंच होतं.

मग खंडू उठला. फादर इनासच्या समोर जाऊन बसला. "ती वही खरी काय?"

"हो, काका. फादर आन्सेल्मच्या हातची आहे."

"माजे भाव हायत तीत? विठू आनी रामा."

फादरनी पानं उलटली. बोट ठेवून वाचलं. विठू, वय सुमारे सात. रामा, वय सुमारे पाच. आईबाप मयत. बाप्तिस्मा दिला. पुढच्या पानावर, घाटावर रवाना.

"म्होरं?"

"पुढे या वहीत काही नाही."

"त्या आश्रमात इचारलांव?"

"आठ दिवसांपूर्वी लिहिलं होतं, काका. तो आश्रमच बंद झाला, चाळीस वर्षं झाली."

खंडूने मान डोलवली. "म्हंजे येवडाच," तो म्हणाला आणि जाऊन आपल्या जागी बसला.

वाचायचं म्हणून फादर इनासनी बाकीचीही नावं वाचून टाकली. एकेका नावापुढे मयत, मयत. शेवटी म्हणाले, "मारिया. तांडेलाची मुलगी, वय सुमारे तीन. मरणाच्या दारात असताना. हिच्यापुढे काही लिहिलेलं नाही. हीही गेली असावी."

"नाय गेली," गुणवंती म्हणाली. बायकांमधून ती उठून पुढे आली. "ती मी."

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग रघू म्हणाला, "आजी, गप बस. काय बोलतेस ते तुला कळतं काय?"

"तू खनायला चाललायस ना? मग आदी ऐक." आणि तिने सगळं सांगितलं, काशीरामाच्या तीन दिवसांसकट. आवाज चढवला नाही. मासळीचा भाव सांगावा तसं सांगितलं. शेवटी फादरकडे वळून म्हणाली, "तुमाला वाडीत येक मानूस हवा व्हता ना? ल्हिवून घ्या. झाडलोट मी करते, पन्नास वरसं करते. आता त्याला हलवायचा नाय."

सहाणेवर गलका झाला. कुणी म्हणालं पालखी, कुणी म्हणालं ओटी. रघूचा चेहरा राखेसारखा. तो बाबल्याकडे वळून ओरडला, "आज्या, ऐकलंस काय?"

बाबल्याने कानामागे हात धरला, त्याला पुन्हा सांगावं लागलं. तो म्हणाला, "मना ठावां हाय. काशीरामानं लगनाआदी सांगितलान."

"आणि तू केलंस लगीन?" रघू म्हणाला.

"आमचा सगला जलम पान्यात. तेवड्या वंजळभर पान्याचा काय घेवन बसलास?"

बायका हसल्या. धोंडू गावकर मात्र हसला नाही. त्याने तंबाखूची चिमूट खालच्या ओठात सारली, सगळे गप्प होईपर्यंत थांबला आणि म्हणाला, "गुणवंती सून होऊन आली तिला पंचावन्न शिमगे झाले. पंचावन्न वेळा देवी त्या अंगणात बसली. देवीला कळला नाय म्हनावा, तर ती देवी कसली? कळून बसली म्हनावा, तर आपन कोन बोलनारे? पालखी त्याच अंगणात जानार."

पोरं कुजबुजली. खंडू पुन्हा उठला. "पालखी जावंदे. कबर पन ऱ्हावंदे, मी तिकडं जातच नाय. पन ओटी हिच्या हातची नको. माजा हिच्याशी वैर नाय. पन दोघं गेले ते गेले, आनी ही आली ती मान घेवन बसली, ह्या मला बघवत नाय."

हे अन्यायाचं होतं. पण त्या माणसाकडे आयुष्यभर दुसरं काही मागायला नव्हतं, आणि सहाणेवर कुणाला त्याला नाही म्हणवेना. धोंडूने तोड काढली. गुरवाने शुद्धी करावी, गोमूत्र शिंपडावं, देवीला गाऱ्हाणं घालावं, एका सकाळचं काम. मग गुणवंतीने खुशाल ओटी भरावी. खंडूलाही ते चाललं असतं.

"नको," गुणवंती म्हणाली.

"अगो, नको काय? चार थेंब गोमूत्राचे."

"घाण लागली असती तर मी आपनहून धुतली असती. त्यानं मला पेज घातलान, आनी परत दिलान. धुवायचा काय त्यात? ओटी कमळा भरंल." कमळा म्हणजे तिची सून, रघूची आई. ती बायकांत खाली मान घालून बसली होती.

फादर इनास निघताना तिच्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "मावशी, कधी तरी चर्चला या. तुमचंही घर आहे ते."

"येका देवीनं आताच ओटी काढून घेतली," ती म्हणाली. "तुमच्या देवाला म्हनावा, जरा दमानं." फादर हसले आणि लाल झाले. पण त्यांनी शब्द पाळला. महिन्याभरात पत्र आलं, कबर आहे तिथे राहील.

रघूने आजीशी बोलणं टाकलं. महिनाभर. ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जेवायचा. ती मला म्हणाली, "जेवतो ना, मग झाला." पण त्या महिन्यात तिने दोनदा मला नासकी मासळी दिली आणि तिला ते कळलं नाही.

शिमग्याला मी बांदेवाडीत होते. सकाळी नऊच्या सुमाराला ढोल ऐकू आले आणि पालखी उतरणीवरून खाली येताना दिसली. पुढचा खांदा रघूचा. अंगण शेणाने सारवून, रांगोळी घालून तयार. गुणवंती नवं लुगडं नेसली होती, पण तुळशीपाशी न थांबता मागे पडवीच्या खांबाला जाऊन उभी राहिली, मोलकरीण उभी राहावी तशी. मला तिथे बघवेना म्हणून मीही तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

पालखी बसली. धोंडूने गाऱ्हाणं घातलं. कमळा ताट घेऊन पुढे झाली. आता कमळा स्वभावाने भित्री, आणि आयुष्यात हे काम तिने केलेलं नाही, नुसतं मागून पाहिलेलं. अख्खी वाडी बघते आहे. तिने नारळ उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. आणि मान वळवून, सगळ्यांच्या देखत, पडवीकडे बघत म्हणाली, "आत्ये, पयला काय?"

गुणवंतीने खांब सोडला नाही.

"हळदकुंकू," ती म्हणाली.

कमळाने हळदकुंकू लावलं.

"आता खण. उलगडून धर. त्येच्यात तांदूळ. मुठीनं नाय, वंजळीनं. पाच वेळा."

ढोलवाल्यांनी हात आवरले होते. एक, दोन, तीन. चार. पाच.

"नारळ. शेंडी देवीकडं. घाई करू नको, ती कुठं जात नाय."

धोंडू गावकर समुद्राकडे बघत होता. खंडू पहिल्या रांगेत होता. म्हणाला, "गुणवंते, ओटी तिनं भरायची ठरलीय."

"मी हात लावलाय काय, खंडू?"

कमळाने ओटी भरली, पाया पडली, मागे सरली. आता पालखी उचलायची, पुढच्या घरी जायची. पोरांनी खांदे दिले. पालखी उचलली आणि जागच्या जागी डुलायला लागली. पुढे जाईना. देवीला निघायचं नसलं की पालखी जड होते, असं आपल्याकडे मानतात. मागच्या पोराने विचारलं, "काय झालं रे?"

"जड झाली," रघू म्हणाला. घाम त्याच्या हनुवटीवरून गळत होता. "थांबा जरा. जड झाली."

खरंच जड झाली होती की त्याने केली, मला सांगता येत नाही. चारजण पालखीखाली असतात, कुणाच्या पायाने ती अडली ते बाहेरून कळत नाही. धोंडूने ढोल वाजवायला सांगितले. पालखी त्या अंगणात पुढे गेली, मागे आली, एक गिरकी घेतली आणि घसरत घसरत पडवीच्या समोर येऊन थांबली, खांबापासून दोन हातांवर. देवीची चांदीची रूपं उन्हात चमकत होती. गुणवंतीने पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले. हात पुढे केला असता तर पालखीला लागला असता. तिने तो केला नाही.

"खांदा नीट लाव," ती रघूला म्हणाली. महिन्यातलं पहिलं बोलणं. "येका बाजूला कलली हाय."

त्याने खांदा नीट लावला.